गोरिवले सरांचा प्रबंध

आमच्या संगणकशास्त्र विभागाला यंदा दहा वर्षं पूर्ण झाली म्हणून स्मरणिका काढली. तिच्यात ‘दशकातील संशोधन उपलब्धी’ या मथळ्याखाली अकरा नोंदी आहेत. सगळ्या मीच टाईप केल्या. कच्च्या यादीत बारा होत्या. बाराव्या नोंदीवर विभागप्रमुखांनी लाल रेघ मारली आणि समासात लिहिलं, ‘मौलिक नाही.’ ती नोंद काशीराम रावजी गोरिवले यांची होती.

मी महिपत नागवेकर, विभागाचा टंकलेखक. लिहून दिलेलं टाईप करायचं हे माझं काम, ते मी केलं. पण गोरिवले सरांचा प्रबंध मी पहिल्या पानापासून शेवटपर्यंत तीन वेळा टाईप केला आहे. त्यांच्या बाबतीत काय झालं ते आता या इमारतीत माझ्याशिवाय कुणाला ठाऊक नाही. म्हणून हे लिहितो आहे. हे कुणाच्या सहीसाठी जाणार नाही.

सर १९८० च्या जुलैत रुजू झाले. तेव्हा विभाग म्हणजे रत्नागिरीतल्या एका जुन्या जांभ्याच्या इमारतीतल्या दोन खोल्या, चार अध्यापक, तेवीस विद्यार्थी आणि मी. विभाग संगणकशास्त्राचा, पण संगणक नव्हता. फळ्यावर खडूने चौकोन काढून सर सांगत, ‘‘ही स्मृती समजा. हा आकडा इथे ठेवला.’’ मुलं वहीत चौकोन काढत.

सर दापोली तालुक्यातले, केळशीच्या वरच्या अंगाला डोंगरात एक वाडी आहे तिथले. वडील मुंबईला गोदीत. आई गोदाबाई गावी भातशेती बघायची. वाडीतला पहिला मॅट्रिक, पहिला बी.एस्सी., पहिला एम.एस्सी. असा सगळा मान एकट्या सरांचाच होता. उंच, काटकुळे, बोलणं सावकाश. वर्गात इंग्रजी वाक्य अर्ध्यावर अडलं की ते खडू खाली ठेवत आणि तेच मराठीत सांगत. आणि मराठीत सांगितलेलं माझ्यासारख्या बाहेर बसलेल्यालाही कळत असे.

मुंबईच्या एका प्राध्यापकांकडे, डॉ. हरिश्चंद्र पोतनीस यांच्याकडे, त्यांनी पीएच.डी.साठी नाव नोंदवलं. विषय काय, असं मी पहिला मसुदा हातात घेताना विचारलं. इंग्रजी मला टाईप करता येतं, समजतं थोडंच.

सर म्हणाले, ‘‘नागवेकर, तुम्हाला इथून केळशीला जायचंय. कसे जाल?’’

‘‘दापोलीची एस.टी. धरीन. पुढे मिळेल ती.’’

‘‘आणि खाडी?’’

‘‘तरीनं ओलांडायची.’’ तर म्हणजे माणसं पलीकडे नेणारी मोठी होडी. मी खाडीपलीकडच्या भाट्याचा, तरीतूनच शाळेत गेलो.

‘‘सुकती असली, पाणी ओसरलेलं असलं तर?’’

‘‘मग पाणी चढेपर्यंत बसायचं.’’

‘‘किंवा डोंगरातून वळसा घालायचा,’’ सर म्हणाले. ‘‘बघा, नकाशावरचं अंतर बदलत नाही. पण आपल्याकडे सकाळी सातला जो रस्ता जवळचा, तोच दहाला लांबचा होतो. तर पाण्यावर अवलंबून, एस.टी. दिवसातून दोनदा. मग माणसानं कुठून जायचं आणि कुठे थांबायचं? कधी कधी जो थांबतो तो आधी पोचतो. पण ते त्याला तिथे उभं असताना कळायला हवं. ते गणितानं काढता येतं का, हा माझा विषय.’’

मी म्हटलं, ‘‘हे तर तरीवाला पण सांगेल.’’

‘‘एका खाडीचं सांगेल. मला सगळ्या जिल्ह्याचं पाहिजे, कुठल्याही वेळी निघालं तरी.’’

त्यासाठी त्यांनी चार वर्षं जिल्हा पालथा घातला. प्रत्येक सुट्टीत एका आगाराला जाऊन वेळापत्रक उतरवून आणायचे. बंदराच्या कचेरीतून भरती-ओहोटीची कोष्टकं आणायची. प्रत्येक तरीवर दिवसभर बसून, होडी कधी सुटली, कधी गाळात रुतून राहिली, ते मिनिटांसकट लिहायचं. त्रेसष्ट ठिकाणं आणि अकरा खाड्या. तो सगळा तपशील सुवाच्य अक्षरात माझ्याकडे यायचा आणि मी तक्ते टाईप करायचो. गणिताच्या खुणा माझ्या यंत्रावर नव्हत्या. मी जागा सोडायचो, सर मागाहून काळ्या शाईने भरायचे.

आकडेमोड मात्र संगणकावर करायची, आणि तो मुंबईत. पोतनीस सरांनी तिथल्या केंद्रात महिन्यातून दोन तास मिळवून दिले होते. सूचना आणि आकडे पुठ्ठ्याच्या कार्डांवर भोकं पाडून द्यावे लागत. एका ओळीला एक कार्ड, अशी अकराशे कार्डं. ती घेऊन सर सकाळच्या एस.टी.ने निघत, दुसऱ्या दिवशी कार्डं केंद्रात देत आणि निकालाचा कागद घेऊन परत येत. एका कार्डावर स्वल्पविराम चुकला असेल तर कागदावर एकच ओळ असायची, की चूक आहे. मग पुढच्या महिन्यात पुन्हा.

पावसाळ्यात तर फारच हाल. आपल्या हवेने कार्डं फुगत, आणि फुगलेलं कार्ड यंत्रात अडकून फाटे. केंद्रातल्या माणसाने दोनदा गठ्ठाच परत केला, ‘तुमच्या कार्डांनी आमचं यंत्र बिघडेल’ म्हणून. मग सरांच्या पत्नीने, चिमाताईंनी, युक्ती काढली. बिस्किटांच्या मोठ्या पत्र्याच्या डब्यात तळाशी भाजलेल्या तांदळाची पुरचुंडी, वर कार्डं, झाकणाच्या कडेला मेण. तो डबा मांडीवर घेऊन सर मुंबईपर्यंत बसत. वरच्या फळीवर ठेवत नसत.

१९८२ च्या जून महिन्यातली एक गोष्ट इथे सांगायला हवी. ती माझी आहे.

दरवर्षी जूनमध्ये ग्रंथालयासाठी नियतकालिकांची मागणी पाठवायची असते. अध्यापक नावं देतात, मी यादी टाईप करतो. त्या वर्षी सरांनी एकच नाव दिलं होतं. जगभरात या विषयावर जे छापून येतं त्याचे सारांश देणारा वार्षिक खंड होता, आणि मागच्या वीस वर्षांची सूचीही त्याच्याबरोबर येणार होती. यादी दीड पान झाली. विभागप्रमुख म्हणाले, ‘‘नागवेकर, एका पानात बसवा. दुसरं पान वर कुणी उलटत नाही, सगळंच नामंजूर होतं.’’

काय गाळायचं ते त्यांनी सांगितलं नाही, मी विचारलं नाही. त्या खंडाचं नाव लांबलचक, दोन ओळींचं होतं. ते काढलं की दोन ओळी वाचत होत्या. मी ते काढलं, आणखी तीन नावं काढली, यादी एका पानात बसली. पुढल्या वर्षापासून मागच्या वर्षीची कार्बन प्रत समोर ठेवून नवी यादी करायची, अशी कचेरीची पद्धत. त्यामुळे ते नाव पुन्हा कधी गेलंच नाही.

सरांनी दोनदा विचारलं, ‘‘तो खंड याही वर्षी आला नाही का?’’

मी म्हटलं, ‘‘मंजूर झाला नसेल, सर.’’

‘‘असेल,’’ म्हणाले. ‘‘पोतनीस सर म्हणतात, असं काम कुणी केलेलं त्यांच्या पाहण्यात नाही.’’

पोतनीस सर मोठे गणिती होते, पण हा विषय त्यांचा नव्हता. महिन्यातून पंधरा मिनिटं भेटत, ‘चांगलं चाललंय’ म्हणत आणि सह्या करत. त्यांच्याकडे असे नऊ विद्यार्थी होते.

१९८४ च्या डिसेंबरात दक्षिणेतल्या एका परिषदेत सरांनी निबंध वाचला. वीस मिनिटं मिळाली होती. परत आले तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावरचा आनंद मी पहिल्यांदा पाहिला. तिथल्या एका वयस्कर प्राध्यापकांनी टाळ्या थांबल्यावर उठून विचारलं होतं, ‘हे तुम्ही विभागात संगणक नसताना कसं केलंत?’ विभागप्रमुखांनी सूचनाफलकावर अभिनंदन लावलं. अध्यापकांच्या खोलीत सगळ्यांना गोड खाजं वाटलं. वार्षिक अहवालात ‘संशोधन उपलब्धी’ म्हणून विभागाची ती पहिली नोंद. एका स्थानिक साप्ताहिकाने ‘केळशीच्या सुपुत्राचे यश’ अशी चार ओळींची बातमी दिली. सरांनी तिचं कात्रण आईला पाठवलं. तिला वाचता येत नव्हतं.

प्रबंधाच्या शेवटी तीन उदाहरणं होती. पहिली दोन चालू वेळापत्रकांवर होती. तिसऱ्याची तारीख मला विचित्र वाटली, कार्तिकातली, साल १९५७. त्या सालची भरती-ओहोटी बंदराच्या जुन्या दप्तरातून आणि हर्णै-दापोली गाडीची वेळ एका निवृत्त वाहतूक नियंत्रकाच्या ट्रंकेतून, अशी सरांनी शोधून काढली होती. मी विचारलं, ‘‘इतकं जुनं कशाला, सर?’’

‘‘पद्धत कुठल्याही दिवसाला चालते हे दाखवायला,’’ ते म्हणाले. मी पुढचं पान यंत्रात घातलं.

फेब्रुवारी १९८६ मध्ये प्रबंध सादर झाला. दोनशे अकरा पानं, काळं बांधकाम, कण्यावर सोनेरी अक्षरं. चिमाताईंनी त्या दिवशी विभागात येऊन मला नारळ दिला.

चौदा महिने काही आलं नाही. चौकशीची पत्रं मीच टाईप करायचो. ८७ च्या एप्रिलमध्ये विद्यापीठाचं जाड पाकीट आलं. विभागप्रमुखांनी फोडलं, वाचलं आणि मला म्हणाले, ‘‘गोरिवल्यांना पाठवा. आणि दार लावून घ्या.’’

दार लावलं तरी ती खोली आणि माझी जागा यांच्यामध्ये फळ्यांची भिंत आहे. सगळं ऐकू येतं.

दोन परीक्षकांपैकी एकाने प्रबंध चांगला म्हटला होता. दुसरे उत्तरेतल्या एका मोठ्या संस्थेतले. त्यांनी लिहिलं होतं, की प्रबंधातला मुख्य सिद्धांत आणि पद्धत अठरा वर्षांपूर्वी एका परदेशी नियतकालिकात प्रसिद्ध झालेली आहे. उमेदवाराने चोरी केलेली नाही हे उघड आहे, कारण त्याची वाट वेगळी आणि बरीच लांबची आहे. पण नवं काही नसल्याने पदवी देता येत नाही. दोन वर्षांत नवी भर घालून प्रबंध पुन्हा सादर करता येईल. सोबत त्या लेखाची छायाप्रत.

बराच वेळ आतून कागद उलटल्याचाच आवाज येत होता. लेख नऊ पानांचा होता. मग सर म्हणाले, ‘‘बरोबर आहे.’’

विभागप्रमुख म्हणाले, ‘‘तुम्हाला हा आधी दिसायला हवा होता, गोरिवले.’’

‘‘हो.’’

‘‘पोतनीस काय करत होते?’’

पुन्हा एक पान उलटल्याचा आवाज आला. सर म्हणाले, ‘‘यांनी दोन पानांत सिद्ध केलंय. मला चाळीस लागली. चांगलं केलंय यांनी.’’

ते बाहेर आले आणि माझ्यासमोरच्या बाकावर बसले. दुपारची वेळ, मुलं जेवायला गेलेली. मी पाणी दिलं. ते त्यांनी हातात धरून ठेवलं. मी यंत्रावरची धूळ पुसत राहिलो. मग त्यांनी आपणहून सांगितलं.

त्यांना एक धाकटी बहीण होती. ती सहा वर्षांची, हे नऊ वर्षांचे. कार्तिकात तिचा घसा सुजला, श्वास कोंडायला लागला. घटसर्प होता, पण ते नाव त्यांना पुढे कळलं. वडील मुंबईला. आईने आणि चुलत्यांनी तिला झोळीत घालून दापोलीच्या दवाखान्याकडे नेलं. वाटेत आंजर्ल्याची खाडी. झोळी जड, वाट उतरणीची, म्हणून आईने ह्यांना पुढे पळवलं. तर लागली आहे का बघून ये.

‘‘मी गेलो. होडी पलीकडच्या काठाला गाळात बसली होती. तरीवाला काठावर बिडी ओढत होता. मी हाक मारली. तो ओरडून म्हणाला, पाणी चढलं की येतो. मी मागे पळालो. आईनं विचारलं, तर हाय का रं? मी म्हटलं, नाय. एवढंच म्हटलं. दम लागला होता. पुढचं सांगायचं राहिलं. चुलते म्हणाले, मग डोंगरानं जाऊ, बसून काय व्हनार. मीही त्यांच्या मागनं चालत गेलो. मला वाटलं, त्यांना माहीतच असेल.’’

डोंगर चढून पलीकडच्या उतरणीला लागल्यावर बहीण गेली. दुपार कलली होती. वाटेवरच्या शाळेची मधल्या सुट्टीनंतरची घंटा नुकतीच झाली होती, म्हणून वेळ ठाऊक. दीड.

‘‘ते तिसरं उदाहरण,’’ मी म्हटलं.

‘‘हो. पाणी सव्वाअकराला चढलं असतं. होडी लगेच सुटली असती. हर्णैला बाराची गाडी मिळाली असती. दापोली पाऊण वाजता.’’

म्हणजे पाऊण तास आधी. मी हे मनातल्या मनात मोजलं.

‘‘पंच्याऐंशीच्या मे महिन्यात तो कागद मुंबईहून घेऊन मी तडक गावी गेलो,’’ सर म्हणाले. ‘‘आईला माहीत होतं मी काय करतोय. कार्डं, सिद्धांत, त्यातलं काही नाही, पण एवढं माहीत होतं की खाडीचं काहीतरी शोधतोय. पडवीत बसली होती. म्हणाली, मंग काय निघालं रं तुझ्या मशीनीत? थांबायला हवं व्हतं का आपुन?’’

‘‘तुम्ही काय सांगितलंत?’’

‘‘म्हटलं, काही फरक पडला नसता, आये. दोन्ही वाटांनी सारखाच वेळ लागला असता.’’ त्यांनी ग्लास खाली ठेवला. ‘‘ती म्हणाली, बरं झालं बघ. अठ्ठावीस वर्षांनी ती त्या दिवशी पोटभर जेवली. मी मशीनचा निकाल पहिल्यांदा सांगितला, तो खोटा सांगितला. आणि आता बघा, खरा होता तोही माझा नव्हता.’’

त्या दिवशी मला यादीचं सांगता आलं असतं. मी सांगितलं नाही. त्यांना आणखी दुःख कशाला, असं मी स्वतःला समजावलं. पण खरं कारण भीती हे होतं.

पुढचं वर्ष त्यांनी धडपड केली, हे त्यांचे टीकाकारही नाकारणार नाहीत. मूळ लेखकाला त्यांनी पत्र लिहिलं. मीच ते टाईप केलं. यापुढे काय नवं करण्यासारखं आहे, असं विचारणारं साधं, नम्र पत्र. पाच महिन्यांनी उत्तर आलं, हाताने लिहिलेलं. तो गृहस्थ विद्यापीठ सोडून केव्हाच एका विमा कंपनीत गेला होता. त्याने लिहिलं होतं, की पत्र वाचून फार आनंद झाला. तो लेख मी तरुणपणी लिहिला. माझ्या माहितीप्रमाणे तो वाचणारे आपण तिसरे. पुढे काय झालं ते मला माहीत नाही, मी त्या विषयाकडे परत गेलो नाही.

सरांनी ते पत्र मला वाचून दाखवलं, मराठी करून. म्हणाले, ‘‘पहिला वाचक संपादक असणार. दुसरे आपले परीक्षक.’’ ते हसले नाहीत. घडी घालून पत्र खिशात ठेवलं.

नवी भर म्हणून त्यांनी तरीवाल्याचा लहरीपणा गणितात आणायचं ठरवलं. होडी येईल की नाही याची खात्री नसेल तर किती वेळ थांबायचं आणि कधी उठायचं. पन्नासेक पानं लिहिली. मला टाईप करायला दिली आणि दुसऱ्या दिवशी परत मागून घेतली. ‘‘हेही कुणीतरी केलेलं असेल, नागवेकर,’’ म्हणाले. मी म्हटलं, ‘‘नसेलही.’’ ते म्हणाले, ‘‘मला कळणार कसं?’’ यावर माझ्यापाशी उत्तर नव्हतं. नव्हतं म्हणजे होतं, आणि ते ८२ च्या कार्बन प्रतीत होतं.

त्यानंतर ते एकेक ओळ लिहीत आणि खोडत. पोतनीस सर निवृत्त होऊन मुलाकडे परदेशी गेले. त्यांचं एक कार्ड आलं, ‘धीर सोडू नका’ असं. मार्गदर्शक बदलायचा अर्ज मी तयार केला. सरांनी त्यावर सही केली नाही. तो माझ्या खणात तसाच राहिला.

त्याच वर्षी, ८७ च्या ऑगस्टमध्ये, विभागात पहिला संगणक आला. त्याच्यासाठी काचेचं दार, वातानुकूलन, बाहेर चपला काढायच्या. त्याच्यासोबत एक नवे अध्यापकही आले, बाहेरून पीएच.डी. करून, तिशीच्या आतले. स्वभावाने चांगले होते. त्यांनी कुतूहलापोटी सरांची अकराशे ओळींची सूचनावली आठवडाभर बसून यंत्रात भरली आणि सरांना बोलावलं. तिन्ही उदाहरणं मिळून चार मिनिटं लागली. पडद्यावर शेवटी आलं, दापोली, बारा पंचेचाळीस. नवे सर म्हणाले, ‘‘पाहिलंत? याला तुम्ही चार वर्षं मुंबईला फेऱ्या मारल्यात.’’ त्यांना काहीच माहीत नव्हतं. सर पडद्याकडे पाहत राहिले, मग बाहेर येऊन अनवाणीच वर्गाकडे गेले. चपला संध्याकाळपर्यंत दाराशी होत्या. शेवटी मी नेऊन दिल्या.

विभागप्रमुखांनी त्यांना वेळापत्रक समितीवर घेतलं. कुणाचा तास कधी, कुठल्या खोलीत. सर ते पट्टी आणि पेन्सिलीने करत. संगणकावर करा म्हटलं तर ‘नको’ म्हणत. वर्गातलं शिकवणं आखडत गेलं. पूर्वी ते मराठीत उलगडून सांगत, आता पुस्तकातलं इंग्रजी वाचून दाखवत. मुलांनी तक्रारअर्ज दिला. तोही मीच टाईप केला, कारण मुलांना मराठी टंकलेखन येत नव्हतं. सरांनी तो वाचला आणि खाली लिहिलं, ‘तक्रार योग्य आहे.’

नोव्हेंबरात गोदाबाई गेल्या. दिवस करून आल्यावर सर मला म्हणाले, ‘‘शेवटी शुद्धीवर होती. वाडीतल्या बायकांना सांगत होती, माझ्या लेकानं मोठ्या मशीनवर बघितलंय, आमची काय चूक नव्हती.’’ हे सांगताना त्यांचा आवाज सपाट होता. मी म्हटलं, ‘‘सर, दोन दिवस रजा घ्या.’’ त्यांनी मान हलवली. दोन दिवस नाही, दोन महिने घेतली.

८८ च्या मे महिन्यात पुनर्सादरीकरणाची मुदत वर्षभर बाकी असताना त्यांनी नोंदणी रद्द करण्याचा अर्ज दिला, आणि त्याबरोबर राजीनामा. विभागप्रमुखांनी समजावलं. पीएच.डी. नसली म्हणून कुणी काढत नाही, शिकवत राहा. सर म्हणाले, ‘‘शिकवायला मला काही माहीत असायला हवं ना, साहेब.’’ निरोपसमारंभ त्यांनी होऊ दिला नाही. प्रबंधाच्या तीन प्रती कपाटात होत्या. त्या न्याल का, असं मी विचारलं. ‘‘राहू द्या,’’ म्हणाले. मागच्या पावसाळ्यात त्या कपाटाला वाळवी लागली.

यंदा फेब्रुवारीत मी त्यांच्या गावी गेलो. एका माणसाला इतकी वर्षं फसवून स्वस्थ बसवेना, एवढंच. चिमाताई दारात भेटल्या, केस पांढरे झालेले. म्हणाल्या, ‘‘बरं झालं आलात. कुणी येत नाही. ते मागल्या वाफ्यात आहेत.’’

सर कुळथाला कुंपण घालत होते. मला पाहून हात धुऊन आले. चहा झाला. मी सगळं सांगितलं. यादी दीड पान होती, विभागप्रमुख काय म्हणाले, ते दोन ओळींचं नाव, त्यानंतरच्या कार्बन प्रती आणि मी दिलेली उत्तरं. काहीही गाळलं नाही.

ते ऐकत होते. शेवटी म्हणाले, ‘‘मुद्दाम नाही केलंत.’’

‘‘नाही. पण नंतर लपवलं ते मुद्दाम.’’

‘‘हो,’’ ते म्हणाले. ‘‘ते तसंच होतं.’’

मी वाट पाहिली. रागावतील, उठून जातील, निदान माफ केलं म्हणतील. ते हातावरचा काटा काढत बसले. काटा निघाल्यावर म्हणाले, ‘‘तो खंड आला असता तर मला ब्याऐंशीतच कळलं असतं. मग मी दुसरा विषय घेतला असता. पदवीही मिळाली असती कदाचित. पण ते पाऊण वाजताचं मला कधी कळलं नसतं.’’

‘‘ते बरं झालं असतं का, सर?’’

‘‘आईनं विचारलं असतं तेव्हा मला खरंच माहीत नसतं,’’ ते म्हणाले.

आम्ही जेवायला बसलो. चिमाताईंनी रत्नागिरीची चौकशी केली, माझ्या मुलीचं लग्न ठरलं का विचारलं. गावातल्या हायस्कुलाने गणित शिकवायला बोलावलं होतं, ते गेले नाहीत, असंही त्यांच्या बोलण्यातून कळलं. निघताना सर फाट्यापर्यंत सोबत आले. गाडीला वेळ होता. आम्ही दोघं जांभ्याच्या बांधावर बसून होतो. मी विचारलं, काही वाचता का, लिहिता का. त्यांनी नाही म्हटलं. मग म्हणाले, ‘‘आकडे दिसले की डोकं दुखतं.’’ गाडी आली तेव्हा ते उठले, पण हात केला नाही. मी खिडकीतून पाहिलं तर ते परत वाडीची वाट चढत होते.

तिथून आल्यावर मी त्यांना दोन पत्रं लिहिली. दुसऱ्यात स्मरणिकेचं कळवलं, नाव गाळलं गेलं हेही कळवलं. त्यांचं उत्तर आलं नाही. महिन्याभराने चिमाताईंचं एक पोस्टकार्ड आलं, कुणाकडून तरी लिहून घेतलेलं. लिहिलं होतं, की तब्येत बरी आहे. शेतावर जातात, वेळेवर जेवतात. कुणाशी बोलत नाहीत. तुमची दोन्ही पत्रं त्यांना वाचायला दिली होती, त्यांनी ती वाचली.